फ्रेडरिक राजाचे ग्रंथ: १७८८ चा चामडी बांधणीचा संच घ्यावा की नंतरची आवृत्ती?

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक (१७१२–१७८६) आपल्याला लढवय्या म्हणून माहीत असतो. हा माणूस आयुष्यभर लिहीत होता, आणि तेही फ्रेंचमध्ये. युरोपात १७५६ ते १७६३ चाललेल्या सप्तवार्षिक युद्धाचा इतिहास त्याने स्वतः लिहिला. इकडे पानिपत झालं ते १७६१ साल त्याच युद्धाच्या काळातलं, त्यामुळे मराठी वाचकाला तो वाचताना वेगळीच ओढ लागते. हरलेल्या लढायांवरही तो लिहितो, आणि मला तो त्यासाठीच आवडतो.

सांगलीत बसून हे ग्रंथ विकत घ्यायचे तर विचार करण्याजोगे पर्याय तीन.

पहिला, राजाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १७८८ मध्ये बर्लिनला फॉस आणि डेकर यांनी काढलेला मरणोत्तर लेखनाचा १५ खंडांचा संच. छपाई घाईची, संपादन ढिसाळ. शिवाय त्याच्या हयातीत छापलेलं लेखन यात नाही. ते १७८९ मध्ये वेगळ्या ४ खंडांत आलं. म्हणजे १५ खंड घेतले तरी 'समग्र' हातात येत नाही. विक्रेता समग्र म्हणत असेल तर कोणते खंड धरून म्हणतो, ते आधी विचारावं.

दुसरा, प्रॉइस यांनी संपादित केलेली ३० खंडांची आवृत्ती, १८४६ ते १८५६. मांडणी चोख आहे: १ ते ७ इतिहास, ८ व ९ तत्त्वचिंतन, १० ते १५ कविता, १६ ते २७ पत्रव्यवहार, शेवटचे तीन युद्धशास्त्र. याच ग्रंथांची मोठ्या आकाराची राजेशाही आवृत्ती आडोल्फ मेन्झेलच्या लाकूडठशांच्या चित्रांसह निघाली. ती बाजारात विकण्यासाठी नव्हती, प्रशियाचा त्या वेळचा राजा ती भेट देत असे. कुणी ती विकायला काढली, तर हा ग्रंथ कुणाकडून कुणाकडे आला याचे कागद मागावेत. बाजारात सहसा दिसतो तो लहान आकाराचा संच.

तिसरा, टॉमस होलक्रॉफ्टचं इंग्रजी भाषांतर, लंडन १७८९, १३ खंड. फ्रेंच येत नसेल आणि पुस्तक उघडून वाचायचं असेल, तर हाच घ्या.

मजकूर म्हणून पाहिलं तर प्रॉइस उजवा, यात वाद नाही. पण तोच मजकूर जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. तेव्हा मजकुरासाठी पैसे मोजायचं कारणच उरत नाही. पैसे मोजायचे ते त्या काळाच्या वस्तूसाठी, आणि तिथे माझं मत १७८८ च्या बाजूने पडतं. राजाला पाहिलेली माणसं जिवंत असताना तो छापला गेला. त्याचा कागद चिंध्यांपासून केलेला, आजही लवचीक. प्रॉइसच्या बऱ्याच प्रतींत मात्र पानांवर तांबूस ठिपके उमटलेले असतात.

आता बांधणी, कारण फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. सोनेरी ठसे, अबरी कागद, चकचकीत लाल मोरोक्को (शेळीचं कातडं) पाहून मन भुलतं. पण जुन्या पानांना नंतर कधीतरी नवी बांधणी करताना कडा पुन्हा कापलेल्या असू शकतात. समास अरुंद झाले, की गेलेलं परत येत नाही. त्यापेक्षा त्याच काळातली, थोडी झिजलेली पण सांधे शाबूत असलेली बांधणी मी केव्हाही पसंत करीन. पुठ्ठा जिथे उघडतो तो सांधा चिरलाय का, कण्याची वरची टोकं फाटलीत का, चामड्याची लाल भुकटी बोटाला लागते का, एवढं तरी पाहावंच. त्या काळच्या बऱ्याच बांधण्या वासराच्या कातड्याच्या आहेत. घरात ते चालणार नसेल तर शेळीच्या कातड्याची, म्हणजे मोरोक्को बांधणी शोधा, आणि हे घरच्यांशी खरेदीआधी बोला.

आपल्या गावाचं म्हणाल, तर कृष्णेचा विचार पहिला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तळमजल्यावर राहत असाल तर हा संच घेऊच नका, किंवा वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकाकडे ठेवा. पावसाळ्यातली दमट हवा चामड्याला बुरशी आणते. काचेचं कपाट भिंतीला चिकटवू नये, आणि उघडीप मिळाली की दारं थोडा वेळ उघडी ठेवावीत. डांबरगोळ्या पुस्तकांना चिकटवून ठेवू नयेत. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवायची आपली जुनी रीत मला जास्त पटते. तरी कसर लागते का, हे अधूनमधून प्रत्येक खंड काढून बघण्याला पर्याय नाही.

आणखी एक. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून आणलेला संच पुढे तिकडेच विकू, असा हिशोब मनात धरून खरेदी करू नका. पैसे पाठवण्याआधी प्रत्येक खंडाच्या शीर्षकपानाचे, कण्याचे आणि शेवटच्या पानाचे फोटो मागवा. इतर आवृत्तीचा एखादा खंड मध्येच घुसवून जुळवलेला संच त्यातच उघडा पडतो.