उल्का ऐकवणारे डोंगल वारा मोजते का?

«उल्कांच्या प्रतिध्वनींवरून उच्च वातावरणातील वारे मोजा» असे विक्रेत्याने लिहिले होते, आणि त्या एका वाक्यापोटी मी गेल्या नोव्हेंबरात हे सॉफ्टवेअर रेडिओचे यूएसबी डोंगल, म्हणजे संगणकाला जोडून रेडिओलहरी ऐकवणारे छोटे उपकरण, मागवले. अँटेना मात्र घरीच केली. फोंड्याच्या बाजारातून ॲल्युमिनियमच्या नळ्या आणून तीन दांड्यांची यागी (एकाच दिशेने रोखायची अँटेना) जुळवली आणि ती गच्चीवर चेन्नईच्या दिशेने रोखली. आता सहा महिन्यांच्या वापरानंतर लिहीत आहे.

चेन्नई गोव्यातील माझ्या घरापासून सुमारे ७०० किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावरची एफएम केंद्रे पृथ्वीच्या गोलाईआड जातात, म्हणून गोव्यातील कोणतेही केंद्र नसलेल्या कंप्रतेवर एरवी नुसती खरखर ऐकू येते. परंतु ८० ते १०० किलोमीटर उंचीवर उल्का जळून इलेक्ट्रॉनांची रेघ मागे ठेवते, तेव्हा त्या रेघेवरून दूरच्या केंद्राची लहर परावर्तित होऊन क्षणभर खाली येते. जानेवारीतील एका पहाटे हे पहिल्यांदा स्वच्छ अनुभवले. खरखर एकाएकी विरली, एका स्त्रीच्या आवाजातील तमिळ निवेदनाचा जेमतेम दीड शब्द आला आणि पुन्हा खरखर सुरू झाली. संगणकाच्या पडद्यावर त्या जागी नखाएवढा उजळ ठिपका उमटला होता. पहाटे असे ठिपके संध्याकाळपेक्षा कितीतरी अधिक दिसतात, कारण त्या वेळी आपण पृथ्वीच्या पुढे धावणाऱ्या बाजूवर असतो आणि उल्का समोरून येतात. एवढ्यासाठीसुद्धा हे उपकरण घ्यावे, असे मी मनापासून सांगेन.

वाऱ्याचा दावा मात्र खोटा आहे, आणि तो का खोटा आहे हे घेणाऱ्याला आधी कळायला हवे. केरळमधील थुंबा येथील उल्का रडार ३५.२५ मेगाहर्ट्झवर चालते. ते स्वतःच्या, नेमकी कंप्रता माहीत असलेल्या लहरी सोडते आणि अनेक अँटेनांवर परत आलेल्या लहरींच्या कलांमधील, म्हणजे चढउतारांच्या वेळांमधील, फरकावरून उल्केची दिशा ठरवते. उल्केची रेघ त्या उंचीवरील वाऱ्याबरोबर वाहत असल्याने परतणाऱ्या लहरीची कंप्रता किंचित बदलते. रेघ रडारच्या दिशेने सेकंदाला ५० मीटर वेगाने सरकत असेल, तर हा बदल जेमतेम १२ हर्ट्झ भरतो. अशा पुष्कळ उल्कांची मोजमापे उंचीनुसार आणि तासानुसार एकत्र केली, की वारा पूर्व-पश्चिम किती आणि उत्तर-दक्षिण किती, हे निघते.

आमच्या डोंगलला ऐकू येणारी एफएम लहर कार्यक्रमाच्या आवाजाबरोबर स्वतःच ७५ किलोहर्ट्झपर्यंत मागेपुढे झुलत असते, त्यामुळे तिच्यात १२ हर्ट्झ शोधणे अशक्य आहे. शिवाय डोंगलच्या घड्याळाची अचूकता दहा लाखांत अर्धा भाग, म्हणजे १०० मेगाहर्ट्झवर ५० हर्ट्झची चूक संभवते. अँटेना एकच, म्हणून दिशाही कळत नाही. त्यात १०० मेगाहर्ट्झवरचा सामान्य प्रतिध्वनी थुंब्याच्या कंप्रतेवरील प्रतिध्वनीपेक्षा सुमारे आठपट लवकर विरतो. हे सारे त्याच विक्रेत्याला लिहून कळवले, तेव्हा त्याने पैसे परत देऊ केले. मी ते घेतले नाहीत, फक्त वर्णन बदलण्याची विनंती केली. ते अजून तसेच आहे, याचे वाईट वाटते, कारण हे डोंगल विद्यार्थीही विकत घेतात.

गोव्यात वापरताना दोन गोष्टी त्रास देतात. दाबोळी आणि मोपा येथे उतरणाऱ्या विमानांवरूनही लहरी परततात. मात्र ते आवाज बराच वेळ टिकतात आणि हेलकावे खातात, त्यामुळे चार दिवसांत कानाला फरक कळू लागतो. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावरील हवेच्या थरांतून दूरच्या किनाऱ्यावरची केंद्रे तासन्‌तास ऐकू येतात, तेव्हा उल्कांची मोजणी सरळ बंद ठेवावी. डोंगल अवघे ८ बिटांचे, म्हणजे लहरीची ताकद फक्त २५६ पायऱ्यांत मोजणारे असल्याने जवळच्या केंद्रांच्या जोरापुढे दबून जाते. त्यासाठी एफएम पट्ट्यातीलच जवळची केंद्रे गाळणारा फिल्टर लागतो, आणि तो विक्रेता देत नाही.

उल्का मोजण्यासाठी पाचपैकी चार तारे, वाऱ्यासाठी एकही नाही. मृगाच्या आधी अँटेना गच्चीवरून खाली उतरवावी आणि केबलचे टोक सोडवून कोरड्या डब्यात ठेवावे. माझ्या पहिल्या केबलच्या जोडावर मेच्या दमट हवेतच हिरवा गंज चढला होता.