निपलवाला क्रॉस: पिकअपचा ‘खडाक’ आवाज घरच्या घरी घालवणारे किट

पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडीच्या पोटाखालून ‘खडाक’ असा एकच ठोका येतो, चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की तोच ठोका पुन्हा ऐकू येतो आणि रिव्हर्स टाकल्यावर तर तो शेजारी बसलेल्यालाही जाणवतो, ही तक्रार आपल्याकडच्या पिकअपमालकांना नवी नाही. बहुतेक वेळा हा आवाज गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या, युनिव्हर्सल जॉइंटचा, म्हणजेच ज्याला सगळे मेस्त्री नुसते ‘क्रॉस’ म्हणतात त्याचा असतो. माझ्या पिकअपसाठी मी ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे छोटे तोंड) असलेल्या क्रॉसचे किट आणि हाताने दाबायची ग्रीस गन घेतली व रत्नागिरीजवळच्या घराच्या अंगणातच ते काम केले. त्यानंतर संपूर्ण पावसाळा आणि पाठोपाठचा आंब्याचा हंगाम गाडी त्याच क्रॉसवर चालली आहे, तेव्हा आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

निकाल आधी सांगतो. कोकणात चालणाऱ्या गाडीसाठी, त्यातही जी मासळी वाहते किंवा पावसात व्हाळ (ओढा) ओलांडते तिच्यासाठी, कारखान्यातच ग्रीस भरून कायमच्या बंद केलेल्या क्रॉसपेक्षा निपलवाला क्रॉस निःसंशय चांगला आहे. मात्र गाडीखाली वरचेवर झोपून ग्रीस भरण्याची ज्यांची तयारी नाही त्यांनी तो घेऊ नये, कारण निपल असूनही कोरडा राहिलेला क्रॉस बंद क्रॉसच्या आधी संपतो.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जांभ्याची लाल माती मिसळलेले ते पाणी महिनोन्महिने शाफ्टवर उडत राहते. मिरकरवाडा बंदरावर भरलेल्या मासळीच्या क्रेटमधला बर्फ वितळला की खारे पाणी फाळक्याच्या फटीतून थेट चासीवर आणि शाफ्टवर ठिबकते. हे पाणी सीलच्या कडेने आत शिरते, ग्रीसची पकड सैल करते आणि क्रॉसच्या चार टोकांवर बसणाऱ्या कपांतल्या सुईसारख्या बारीक रोलरना गंज चढतो. माझा जुना क्रॉस काढला तेव्हा एका कपातून ग्रीसऐवजी विटकरी रंगाची कोरडी भुकटी बाहेर पडली, आणि क्रॉसच्या त्या टोकावर रोलरच्या इतक्या खोल खाचा पडल्या होत्या की नख फिरवले तर प्रत्येक खाच वेगळी लागत होती. या खाचांएवढी ढिलाई तयार झाली की इंजिनाचा जोर पुढून मागे किंवा मागून पुढे बदलताना आधी ती ढिलाई भरून निघते आणि मग धातूवर धातू आदळतो. तोच तो ठोका. ठोका सुरू होण्याआधी बरेचदा कमी वेगात चाकाच्या तालावर ‘चिर्र चिर्र’ असा आवाज येऊ लागतो. त्याकडे वेळीच लक्ष दिले तर पुढचा खर्च वाचतो.

किट विकत घेण्याआधी आवाज क्रॉसचाच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण सारखाच ठोका इतर ठिकाणांहूनही येतो. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करावे, आणि खाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी उलटसुलट पिळून पाहावा. जॉइंटच्या एका बाजूचा योक (क्रॉसला धरणारा दोन कानांचा भाग) हलतो आणि दुसऱ्या बाजूचा जागच्या जागी राहतो असे दिसले, तर क्रॉस गेला आहे. दोन्ही योक एकत्र हलून आवाज डिफरन्शियलच्या आतून येत असेल, तर ती त्यातल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांमधली मोकळीक होय. थोडी मोकळीक तिथे मुळातच असते, तेव्हा लगेच घाबरू नये. याच वेळी शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे का, गिअरबॉक्सचे माउंटिंग बसले आहे का आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट ढिले आहेत का, हेही पाहून घ्यावे. शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइन (एकमेकांत बसणाऱ्या उभ्या खाचा) कोरड्या झाल्या असतील तरीही गाडी जागेवरून निघताना ठोका येतो, आणि तो कधीकधी नुसत्या ग्रीसने जातो.

शाफ्ट उतरवण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: शाफ्ट निघाल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडी गिअरवर थांबत नाही, तिला फक्त हँडब्रेक आणि ठोकळे धरून ठेवतात. आपल्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे पडलेलेच असतात आणि ते गाडीखाली आधाराला लावण्याचा मोह होतो. चिरा ठिसूळ असतो, एका जागी भार आला की दुभंगतो. गाडी उचलायचीच असेल तर लोखंडी घोडी (जॅक स्टँड) वापरावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये.

फ्लँजवर (शाफ्ट जिथे बोल्टने जोडलेला असतो त्या चकतीवर) रंगाने खूण करणे, बोल्ट सोडणे, शाफ्ट खाली घेणे, पकडीने सर्क्लिप (कप जागेवर धरणारी कडी) काढणे, हा भाग सोपा आहे. जुने कप काढण्यासाठी हातोडा न वापरता मोठ्या व्हाइसमध्ये (शिकंजात) गोटीपान्याच्या दोन गोट्या (सॉकेट) वापरल्या, एक कपाहून लहान, ढकलण्यासाठी, आणि दुसरी मोठी, निघालेला कप सामावून घेण्यासाठी. हातोड्याने योकचे कान वाकतात किंवा शाफ्टच्या नळीला पोचा पडतो, आणि तसा शाफ्ट वेगात थरथरतो.

नव्या किटची खरी परीक्षा कप बसवताना होते. या किटमधले रोलर घट्ट ग्रीसमध्ये गोल ओळीत नीट चिकटवून आलेले होते, ही मोठी जमेची बाजू. तरीही कप सरळ न धरता आत ढकलला तर एखादी सुई आडवी पडून कपाच्या तळाशी जाते, आणि मग कप सर्क्लिपच्या खाचेच्या जेमतेम अलीकडे अडतो. नेमक्या याच क्षणी माणूस जोर लावतो, आणि नवा क्रॉस गाडीवर चढण्याआधीच निकामी होतो. कप अडला की तो बाहेर काढावा, सुया पुन्हा ओळीत लावाव्यात, क्रॉस आतून त्या कपात अर्धवट सरकवून सुयांना आधार द्यावा आणि मगच व्हाइस आवळावा. सगळे बसल्यावर क्रॉस दोन्ही दिशांना हाताने फिरला पाहिजे. तो एका दिशेला आखडत असेल तर योकच्या कानावर हलकी थाप मारून कप सर्क्लिपला टेकवावेत. निपलचे तोंड ग्रीस गन पोहोचेल अशा बाजूलाच ठेवावे, हे आधी ठरवले नाही तर सगळे पुन्हा खोलावे लागते.

शाफ्ट परत चढवताना रंगाच्या खुणा जुळवाव्यात. कोनात फिरणारा एकटा क्रॉस शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस ती चूक भरून काढतो. दोन्ही योक एका पातळीत नसतील तर हा हिशेब जुळत नाही आणि नवे किट घालूनही गाडी थरथरते. फ्लँजचे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच आवळावेत.

ग्रीस भरणे हे या किटचे सर्वस्व आहे. मी एनएलजीआय २ दर्जाचे (मध्यम घट्ट) लिथियम ईपी, म्हणजे जास्त दाब सोसणारे, ग्रीस वापरतो. निपल आधी फडक्याने पुसावे, नाहीतर त्यावरची माती ग्रीससोबत आत जाते. मग चारही कपांच्या सीलमधून ताजे ग्रीस डोकावेपर्यंत गन दाबावी. एखाद्या कपातून ग्रीस येतच नसेल तर शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा दाबावे, कारण तोच कप पुढे सगळ्यात आधी कोरडा पडणार असतो. भर पावसात गाडी पाण्यातून गेली असेल तर त्याच आठवड्यात ग्रीस द्यावे. बाहेर येणारे जुने ग्रीस पांढुरके दिसले, म्हणजे त्यात पाणी मिसळले आहे, आणि ते पूर्ण निघून जाईपर्यंत दाबत राहावे. गन घेताना लोखंडी नळीऐवजी लवचीक रबरी नळीची घ्यावी. चासीच्या आडव्या पट्टीआड लपलेल्या निपलपर्यंत लोखंडी नळी पोहोचत नाही.

उणिवाही आहेत. ग्रीससाठी क्रॉसला आतून भोके पाडलेली असल्याने तो भरीव क्रॉसएवढा दणकट नसतो, त्यामुळे क्षमतेपेक्षा जास्त माल भरून आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट चढणाऱ्या गाडीला भरीव क्रॉस अधिक मानवेल. किटसोबतच्या सर्क्लिप एकाच जाडीच्या आल्या, वेगवेगळ्या जाडीच्या असत्या तर क्रॉस मधोमध आणणे सोपे गेले असते. बसवण्याचा छापील कागदही सोबत नव्हता. किंमत हजार रुपयांच्या आत असल्याने हे खटकण्याजोगे असले तरी किट नाकारण्याएवढे नाही.

एका परिस्थितीत मात्र हे किट घेण्यात अर्थ नाही. जुना कप काढल्यावर योकच्या कानातले भोक लंबगोल झालेले दिसले किंवा नवा कप बोटानेच आत सरकला, तर क्रॉस कितीही चांगला असला तरी ठोका राहणारच. अशा वेळी शाफ्ट लेथवाल्याकडे नेऊन योक बदलून घ्यावा, शाफ्ट बॅलन्स करून घ्यावा आणि निपलवाला क्रॉस त्यानंतर बसवावा.