‘द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन’: चाकापेक्षा तड्याकडे बघा

‘द ग्रेट पॉटरी थ्रो डाउन’ या मातीची भांडी घडवण्याच्या ब्रिटिश टीव्ही स्पर्धेचा भाग संपला की प्रेक्षकांमध्ये तीन वाद ठरलेले. भट्टीने घात केला की करणाऱ्यानेच माती खाल्ली? वेळ इतका कमी का देतात? आणि परीक्षक कीथ ब्रायमर जोन्स खरंच रडतात का? तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पहिल्या दोन प्रश्नांसाठी मात्र मातीचं थोडं गणित माहीत असावं लागतं, आणि ते गणित कार्यक्रम पडद्यावर पुरेसं मांडत नाही. त्याची सगळ्यात मोठी उणीव हीच. तरीही हस्तकलेच्या स्पर्धांमध्ये आवर्जून बघावा असा हा कार्यक्रम आहे. इथली प्रत्येक वस्तू परीक्षकांआधी भट्टीपुढे उभी राहते, आणि भट्टी कोणाची भीड ठेवत नाही.

2015 मध्ये बीबीसी टू वर सुरुवात झाली, तिथे दोन पर्वं झाली. 2020 मध्ये कार्यक्रम मोर फोर या वाहिनीवर आला आणि 2021 पासून चॅनल फोर वर आहे. चित्रीकरण स्टोक-ऑन-ट्रेंटचं: आधी बर्स्लममधल्या मिडलपोर्ट पॉटरीत, नंतर लाँगटनच्या ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियममध्ये. मागे दिसणाऱ्या बाटलीच्या आकाराच्या भट्ट्या शोभेला उभारलेल्या नाहीत. एकेकाळी या शहरात अशा दोन हजारांच्या आसपास भट्ट्या कोळशावर धगधगत होत्या, आज पन्नासदेखील उरलेल्या नाहीत. स्पर्धकांची भांडी अर्थातच त्यात भाजत नाहीत, ती विजेच्या भट्टीत जातात. प्रत्येक भागात काही दिवस चालणारं एक मुख्य काम असतं, मध्ये एखादी छोटी परीक्षा, आणि शेवटी एकजण घरी जातो.

पहिल्या तीन पर्वांत भट्टी सांभाळणारे रिच मिलर 2021 पासून कीथ यांच्या शेजारी परीक्षक म्हणून बसतात. हा बदल फार चांगला झाला. भट्टीतून काय काय वाईट बाहेर येतं हे ज्याने रोज पाहिलं आहे, त्याची नजर आधी बुडाकडे जाते.

प्रेक्षकांनीही बुडापासूनच सुरुवात करावी. तडा दिसला की ‘नशीब खराब’ असं म्हणायची घाई नको, कारण तडा वाचता येतो. कॅमेरा जवळ गेला की तड्याच्या कडा बघा. ग्लेझ, म्हणजे एकदा भाजलेल्या भांड्यावर लावून पुन्हा भाजायचा काचेसारखा लेप, तड्यात उतरून कडा गोलसर झाल्या असतील तर तो दुसऱ्या भाजणीआधीच तिथे होता, म्हणजे चूक घडवताना, सुकवताना किंवा पहिल्या भाजणीत झाली. कडा फुटलेल्या काचेसारख्या धारदार असतील आणि तडा ग्लेझही चिरून गेला असेल, तर तो थंड होताना पडलेला आहे. मातीतला क्वार्ट्झ 573 अंश सेल्सिअसच्या आसपास आपली रचना बदलतो. तापताना तो एकदम फुगतो आणि निवताना तितक्याच झटक्यात आकसतो. त्या टप्प्यात भांड्याचा एक भाग गरम आणि दुसरा गार असेल, जसं जाड बूड आणि पातळ काठ, तर ताण पेलत नाही. भट्टी घाईने उघडली तरी तेच होतं. ‘भट्टीने घात केला’ हे वाक्य फार तर या दुसऱ्या प्रकाराला लावता येतं, आणि तिथेही जाडीतला फरक करणाऱ्याच्याच हातचा असतो.

बुडाच्या मधोमध इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली चीर दिसली तर तिचा उगम चाकावरच्या पहिल्या काही मिनिटांत असतो. भिंत चढवताना बोटांच्या दाबाने तिथली माती घट्ट होते, बुडाची तशीच सैल राहते. शिवाय बूड सगळ्यात शेवटी सुकतं. यावर इलाज सोपा आहे: बूड उघडल्यावर बोटाने किंवा लाकडी पट्टीने मध्यापासून कडेपर्यंत आणि परत मध्यापर्यंत तीन-चार वेळा दाबून घ्यायचं, आणि आत साचलेलं पाणी स्पंजने टिपून मगच भांडं तारेने कापायचं. पुढचा भाग बघताना कोण पाणी टिपतंय आणि कोण विसरतंय एवढं हेरून ठेवा. बाऊलचं बूड कोणाचं चिरणार याचा अंदाज बऱ्याचदा तिथेच बांधता येतो.

कपाचा कान सुटला तर बहुतेक जण ‘नीट चिकटवला नाही’ म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. जोडाच्या दोन्ही जागा खरवडायच्या, मातीचा पातळ काला लावायचा, दाबून बसवायचं, हे सगळे स्पर्धक करतात. घोटाळा ओलाव्यात असतो. कप अर्धवट सुकून लेदर-हार्ड झालेला, म्हणजे बोटाने दाबला तर दबत नाही पण नखाने ओरखडा उठतो असा, आणि कान नुकताच ओढलेला ओला. कान नंतर जास्त आकसतो आणि जोडाशीच फाटतो. दोन्हींचा ओलावा जुळू द्यायचा आणि जोडल्यावर रात्रभर प्लॅस्टिकखाली ठेवायचं. बारीक कान जाड कपाआधी सुकू नये म्हणून कानावर प्लॅस्टिकचा वेगळा तुकडाही गुंडाळतात. हे गुंडाळणं कार्यक्रमात दोन सेकंदांत उरकतं. ते निदान दहा सेकंद दाखवायला हवं.

भट्टीत भांडं फुटून चुरा झाला की हमखास ऐकू येतं, ‘हवेचा बुडबुडा राहिला असणार.’ हा समज काढून टाकायला हवा. भांडं फोडते ती वाफ. वरून कोरडी वाटणारी जाड माती आत ओली असते. 100 अंश ओलांडताच त्या पाण्याची वाफ होते, तिला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते, आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती भिंत फोडते. म्हणून मोठं काम रात्रभर 80-90 अंशांवर ठेवून मगच तापमान चढवतात. पोकळ मूर्तीला बारीक भोक ठेवतात तेही याचसाठी. सुकलंय का हे तपासायला भांडं गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत पाणी आहे.

वेळेची तक्रार त्यामुळे वेगळ्या तऱ्हेने मांडायला हवी. ‘अजून एक तास द्यायला हवा होता’ हे प्रेक्षकांचं म्हणणं मनापासूनचं असलं तरी जादा तास घडवण्याला मिळून फारसा फरक पडत नाही. हवा असतो जादा दिवस, तोही सुकण्याला. साधा मग हळू सुकवायला दोन-तीन दिवस लागतात. मातीच्या सपाट पाट्या जोडून केलेलं मोठं काम आठवडाभर झाकून ठेवावं असं असतं. या कार्यक्रमात स्पर्धकांना अख्खा कमोड करायला लावलेला आहे. तसल्या कामाचं बूड 40 सेंटिमीटर धरलं, तर नुसतं सुकतानाच ते दोन-अडीच सेंटिमीटर आत येतं. खालची फळी चिकटून राहिली तर बूड सरकू शकत नाही आणि मध्ये फाटतं. खाली वर्तमानपत्र घालायचं, भट्टीत वाळू पसरायची, म्हणजे ते सरकत आकसतं. मोठ्या कामाच्या आठवड्यात निर्मात्यांनी सुकण्याला एक दिवस वाढवावा आणि किती तास सुकवलं ते पडद्यावर लिहावं. या मुद्द्यावर प्रेक्षकांची बाजू रास्त आहे.

आकसण्याचाच प्रश्न मापाच्या कामांत येतो. एका बाऊलमध्ये दुसरा बसणारा संच, झाकणाची बरणी, बशीत बसणारा कप, अशी कामं आली की लक्षात ठेवा: ओल्या मातीपासून अखेरच्या भाजणीपर्यंत स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजायची दणकट माती, सुमारे 12 टक्के आकसतं, पोर्सिलीन, म्हणजे चिनी माती, त्याहून जास्त. 10 सेंटिमीटर उंचीचा मग हवा असेल तर ओला असताना तो जवळजवळ 11.4 सेंटिमीटर करावा लागतो, कारण भागायचं 0.88 ने. बारा टक्के नुसते मिळवले तर 11.2 येतात आणि मग बुटका निघतो. झाकण आणि बरणी एकाच मातीच्या, एकाच दिवशी केलेल्या असाव्यात, माप कॅलिपरने घ्यावं, आणि पहिल्या भाजणीत झाकण बरणीवरच ठेवावं, म्हणजे दोघं एकत्र वाकतात. ग्लेझ लावताना जिथे ती एकमेकांना टेकतात ती जागा कोरी ठेवायची, नाहीतर झाकण कायमचं बसलं.

कारागिरी सगळ्यात उघडी पडते ती टीपॉटच्या परीक्षेत. परीक्षक चहा ओततात तेव्हा प्रेक्षक थेंब गळतो का एवढंच बघतात. त्याआधी तोटीचं टोक काठाच्या रेषेत किंवा वर आहे का ते बघा. खाली असेल तर भांडं भरण्याआधीच चहा तोटीतून बाहेर. गाळणीच्या भोकांचं एकूण क्षेत्र तोटीच्या तोंडापेक्षा जास्त हवं, नाहीतर धार बारीक पडते. झाकणाला हवेचं भोक नसेल तर धार गचके खाते. तोटीची ओठाकडची कड धारदार असेल तर थेंब तुटतो, गोल असेल तर खालून ओघळतो, आणि चांगली धारदार कड जाड ग्लेझने गोल करून टाकलेलीही पुष्कळदा दिसते. चाकावर केलेली तोटी भाजताना किंचित फिरते, म्हणून जाणकार स्पर्धक टोक मुद्दाम थोडं तिरकं कापतो. कोणी वाकडं कापताना दिसलं तर त्याला अडाणी ठरवू नका.

ग्लेझबद्दल थोडक्यात. पहिल्या भाजणीतून आलेलं भांडं पाणी शोषतं, त्यामुळे ग्लेझमध्ये दोन-तीन सेकंद बुडवणं बहुधा पुरतं. घाबरून पुन्हा बुडवलं की दोन थर जिथे एकमेकांवर येतात तिथून ओघळ सुटतो आणि भांडं भट्टीच्या फळीला चिकटतं. बुडाजवळचे 3 ते 5 मिलिमीटर मेण लावून कोरे ठेवतात ते याचसाठी. ग्लेझ मध्येच गोळा होऊन माती उघडी पडली असेल तर बहुधा धूळ, हाताचं तेल किंवा फार जाड थर. बारीक जाळीदार चिरा निवताना पडतात, कारण ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसू पाहतं. फुलदाणीवर त्या शोभतात. मातकट, पाणी शोषणाऱ्या अर्दनवेअरच्या कपावर तोच दोष आहे, चहा आत झिरपतो. परीक्षकांनी त्यावर नाक मुरडलं की ‘किती सुंदर दिसतंय, काय हे!’ अशी नाराजी उमटते. परीक्षकांचंच बरोबर असतं.

राकू या भाजण्याच्या पद्धतीच्या भागाचं मात्र वेगळं आहे. तिथे नशीब खरंच खेळात असतं. जवळपास 1000 अंशांवर लालभडक झालेलं भांडं चिमट्याने उचलून लाकडाच्या भुशात टाकतात आणि वर झाकण ठेवतात. भुसा पेटतो, डब्यातला ऑक्सिजन संपवतो, आणि ग्लेझमधल्या तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजनही ओढला जाऊन धातूची झळाळी येते. पांढऱ्या ग्लेझच्या चिरांत काजळी भरते. झाकण पाच सेकंद उशिरा पडलं तरी रंग बदलतो. एवढा उष्णतेचा धक्का सोसायला मातीत ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा भरडा, मिसळलेला लागतो. ‘हे मग विकत मिळतील का?’ असं विचारणाऱ्यांनी जाणून घ्यावं की राकूचं भांडं सच्छिद्र असतं, ग्लेझ चिरलेलं असतं. त्यात खाणंपिणं नको.

मधल्या छोट्या परीक्षा बघायला मजेदार, पण निकालासाठी कमकुवत आहेत. ठरलेल्या मिनिटांत चाकावर जास्तीत जास्त भांडी काढण्याच्या फेरीत ओल्या मातीवरच क्रमांक लागतो. त्यातलं किती भाजून टिकलं असतं हे कळत नाही. तिथे कौतुक करावं ते सारखेपणाचं: जो आधी गोळे एकाच वजनाचे करून घेतो आणि उंचीसाठी काडी लावून ठेवतो, त्याची पहिली आणि दहावी वाटी सारखी दिसते.

आणि कीथ यांचे अश्रू. काही प्रेक्षकांना ते टीव्हीसाठीचे वाटतात. ते कधी येतात ते नीट बघा. सुबक, निर्दोष भांड्याला बहुतेक वेळा नुसती शाबासकी मिळते. डोळे भरतात ते गेल्या आठवड्यात बूड चिरलेल्या स्पर्धकाने तेच बूड या वेळी नीट दाबून आणलं तेव्हा, किंवा कोणी स्वतःच्या घरातलं दुःख मातीत उतरवलं तेव्हा. आयुष्य मातीत घालवलेल्या माणसाला त्या एका बुडामागचे कष्ट दिसतात. तक्रार एवढीच की डोळे पुसताना नेमकं काय चांगलं झालं हे ते सांगत नाहीत. ते सांगायचं काम मग रिच मिलर करतात.

माती कोणती होती, भाजणी किती अंशांची होती, किती तास सुकवलं, या तीन ओळी प्रत्येक कामाखाली आल्या तर शिकणाऱ्यांना हा कार्यक्रम दुप्पट उपयोगी पडेल. आज त्या अधूनमधून निवेदनात ऐकू येतात, त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. नव्याने बघणार असाल तर 2021 च्या पर्वापासून सुरू करा: शिव्हॉन मॅक्स्वीनींचं सूत्रसंचालन स्पर्धकांना धीर देणारं आहे आणि परीक्षणात भट्टीची भाषा जास्त आहे. बीबीसीची पहिली दोन पर्वं नंतर बघा, तीही तेव्हाच्या परीक्षक केट मलोन यांच्यासाठी. ग्लेझवर त्या बोलतात तेव्हा आवाज वाढवून ऐका.