मोफत वकील की कर्ज काढून खासगी?

भाऊ कोठडीत आहे, मंगळसूत्र गहाण ठेवून वकील लावू का, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, आधी थांबा.

खर्च: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज तुरुंगातूनही करता येतो. १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा. खासगीत अनेकदा तारखेगणिक पैसे जातात.

वेळ: डिफेन्स काउन्सेल कार्यालय (विधी सेवा प्राधिकरणाचं, आरोपींना मोफत वकील देणारं कार्यालय) असेल तिथले वकील पूर्णवेळ याच कामाला असतात, खासगी केस घेत नाहीत. मला ही मोठी जमेची बाजू वाटते.

निवड: खासगी वकील तुम्ही निवडता. मोफत वकील नेमून मिळतो; लक्ष देत नसेल तर बदलून मागा.

जामिनासाठी मोफत वकीलच घ्या. गुंतागुंतीचा आर्थिक गुन्हा असेल आणि फी दागिने न मोडता झेपत असेल, तरच खासगी.