वाचनालयाचे ऑनलाइन उपक्रम : गोष्टी सरस, स्वाध्याय नीरस

दापोली तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या बालविभागाचे ऑनलाइन उपक्रम आम्ही गेल्या पावसाळ्यापासून वापरत आहोत. वार्षिक वर्गणी भरलेल्या सभासदाच्या घरातील सर्व मुलांना ते विनाशुल्क आहेत. रविवारी सायंकाळी गूगल मीटवर कथावाचन होते आणि आठवड्यातून एकदा व्हॉट्सॲपवर निवडक डिजिटल पुस्तकांची यादी व स्वाध्यायपत्रिका येतात.

कथावाचन हा या उपक्रमाचा सर्वांत उजवा भाग आहे, आणि त्याचे श्रेय केवळ वाचणाऱ्या ताईंच्या आवाजाला नाही. इकडच्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी नोकरीनिमित्त मुंबईला असते. त्यामुळे नालासोपाऱ्याच्या खोलीतून वडील आणि गावच्या पडवीतून आजी व मुले एकाच वेळी तीच गोष्ट ऐकतात, मध्येच आजी "आमच्यात ही गोष्ट अशी नाही हो सांगत" म्हणून निराळा शेवट सांगू लागते, आणि ताई तिला थांबवत नाहीत, उलट माइक चालू ठेवायला सांगतात. रविवारीही पाळी असणाऱ्या चाकरमान्यांसाठी ध्वनिमुद्रण मात्र ठेवले जात नाही, ही उणीव सहज दूर होण्यासारखी आहे.

याद्यांमधील बरीचशी पुस्तके 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची असतात. तेथील गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या असून काही गोष्टींत आवाज जसा पुढे सरकतो तसा पडद्यावरचा शब्द रंगाने उठून दिसतो. जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या मुलाला याचा फार उपयोग होतो. मोठ्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ई-पुस्तकालयातील पुस्तके सुचवली जातात. दोन्ही ठिकाणे कोणालाही मोफत खुली आहेत, तेव्हा वाचनालयाचे काय, असे कोणी विचारील. पण हजारो पुस्तकांतून लावणीच्या दिवसांत पावसाची, बेडकांची, खेकड्यांची नेमकी चार पुस्तके काढून देणे हे ग्रंथपालाचेच काम आहे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर या भागातील अनेक गावे दीर्घकाळ विजेविना होती, आणि आजही मुसळधार पावसात वीज गेली की पाठोपाठ रेंज जाते. स्टोरीवीव्हरवरील गोष्टी मुक्त परवान्याच्या असल्यामुळे वाचनालय त्यांच्या पीडीएफ आधीच पाठवते आणि हवी असल्यास कागदाच्या किमतीत छापूनही देते. ही सोय मला कोणत्याही ॲपपेक्षा मोलाची वाटते.

स्वाध्यायपत्रिकांविषयी फारसे चांगले लिहिता येत नाही. तिरक्या स्कॅन केलेल्या, रिकाम्या जागा भरण्यापुरत्या आणि रंगवायला बर्फाचा माणूस देणाऱ्या या पत्रिका कोठून तरी उचललेल्या दिसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात होड्यांचे आणि जाळ्यांचे काय केले जाते, हे हर्णैचे मूल घरात विचारून सहज लिहील. करवंदे, जांभळे, रातांबे यांची चित्रे काढील. असे प्रश्न काढायला खर्च येत नाही.

नोंदणी वाचनालयातच, सभासदपत्र दाखवून करावी लागते. कथावाचनाला हेडफोन न लावता फोन सर्वांच्या मध्ये ठेवावा, आणि स्वाध्याय सोडून दिला तरी चालेल.