सप्लाय नेशनची यादी आठ महिने वापरल्यावर

ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर (तिथले मूळनिवासी) मालकीचा पुरवठादार शोधायचा, तर सप्लाय नेशन या अशा उद्योगांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची ‘इंडिजिनस बिझनेस डायरेक्ट’ ही यादी सोयीची आहे. कामाचा प्रकार आणि राज्य टाकलं की नावं येतात, शोधायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडच्या जातीच्या दाखल्यासारखे कागद खरेदीवाल्याने मागत बसायचे नसतात. मालकीची तपासणी तिथेच होते. ‘सर्टिफाइड’ शिक्का असेल तर मालकी निदान 51 टक्के, शिवाय कारभार आणि नियंत्रणही मूळनिवासी मालकांच्याच हातात. नावाला एक भागीदार दाखवून कामं लाटण्याला तिकडे ‘ब्लॅक क्लॅडिंग’ म्हणतात (आपला बेनामी कारभारच तो), म्हणून मोठ्या ऑर्डरला हा शिक्का बघावा.

पण यादी नाव देते, ऑर्डर देत नाही. ऑर्डर अडते ती खरेदी करणाऱ्या आपल्याच कंपनीच्या फॉर्मांत.

पहिली अडचण विम्याची. कागद आणि टोनर पुरवणाऱ्याकडूनही 2 कोटी डॉलरचा पब्लिक लायबिलिटी विमा (कामामुळे तिऱ्हाइताला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाई देणारा) मागितला जातो, कारण ते कलम बांधकामाच्या ठेक्यातून जसंच्या तसं उचललेलं असतं. साइटवर पाऊल न टाकणाऱ्यांसाठी वेगळा, हलका फॉर्म करून घ्या. विधी विभाग कुरकुर करतो, पण देतो.

दुसरी अडचण उधारीची, आणि खरी मेख इथेच आहे. सेफ्टी जॅकेट पुरवणारा छोटा उद्योग माल रोखीने उचलतो. आपण 60 दिवसांनी पैसे दिले तर दुसऱ्या ऑर्डरला त्याच्याकडे भांडवल उरत नाही. ‘14 दिवसांत पैसे देऊ’ असं पत्र देऊन भागत नाही. व्हेंडर मास्टरमध्ये (सिस्टिममधल्या पुरवठादाराच्या कायम नोंदीत) मुदत बदलावी लागते. तीही बदलली तरी आधी निघालेल्या पर्चेस ऑर्डरवर जुनेच 60 दिवस राहतात. त्या एकेक उघडून दुरुस्त करायच्या, नाहीतर बिल आपोआप मागे पडतं आणि दोष अकाउंट्सवर येतो.

या उद्योगांकडून किती खरेदी झाली त्या अहवालाच्या वेळी दुकानाच्या नावावरून जुळवाजुळव करू नका, एबीएन (ऑस्ट्रेलियन बिझनेस नंबर, म्हणजे उद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक) वापरा. हा 11 आकडी क्रमांक बिलावर 2-3-3-3 असा जागा सोडून छापतात आणि सिस्टिममध्ये बहुधा सलग असतो. मधल्या जागा काढल्या नाहीत तर निम्मा खर्च अहवालात दिसतच नाही. मुख्य ठेकेदारामार्फत झालेली खरेदी वेगळ्या रकान्यात ठेवा. थेट खरेदीत मिसळली की तोच डॉलर दोनदा मोजला जातो.

सरकारी कामात मात्र वाट बरीच मोकळी आहे. 2015 पासून ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या धोरणात ठरावीक रकमेच्या कामांसाठी आधी या उद्योगांकडे बघणं बंधनकारक आहे. खासगी कंपनीत तशी सक्ती नाही, त्यामुळे फॉर्म कोण बदलून घेणार ते आधी ठरवा आणि मगच यादी उघडा.