मफिनसाठी साचा कुठला: ॲल्युमिनियम, नॉनस्टिक, सिलिकॉन की घरातली वाटी?

आधी घरात ओव्हन कोणता आहे ते बघा. साधा सोलो मायक्रोवेव्ह असेल तर धातू बादच. सिलिकॉनच्या वाट्या घ्या आणि मफिन वरून तांबूस होतील ही आशा सोडा. ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) किंवा गरम हवा खेळवणारा कन्व्हेक्शन ओव्हन असेल तरच निवडीला वाव आहे.

तिथे माझं मत फिकट रंगाच्या, जाड पत्र्याच्या ॲल्युमिनियम ट्रेला. उष्णता वाहून नेण्यात हा धातू स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून सरस. १८० अंशांवर कडा पटकन धरतात, मधलं पीठ फुगून वर येतं आणि तळ सगळीकडे सारखा भाजतो. इथे इंदूरला राजवाड्याजवळ बर्तन बाजारात घ्यायला गेलात तर चकाकीवर जाऊ नका. दोन खळ्यांमधला पत्रा अंगठ्याने दाबा. लगेच लवला तर ठेवून द्या, दुकानदार काहीही म्हणो.

खोट एकच, आंबटाशी याचं जमत नाही. रामबागेतल्या आमच्या भिशीत निम्म्याजणी अंडं खात नाहीत, म्हणून मफिन दही-सोड्याचे होतात. असं पीठ किंवा लिंबू-संत्र्याचा रस थेट लागला तर उघडं ॲल्युमिनियम काळवंडतं, कधी धातूची चवही उतरते. कागदी कप घातले की प्रश्न मिटला. शिवाय घासायचं कामही वाचतं! कप नको असतील तर ॲनोडाइज्ड, म्हणजे वर कडक ऑक्साइडचा थर दिलेला, ट्रे घ्या.

काळा नॉनस्टिक सुटायला छान, पण गडद रंग उष्णता जास्त शोषतो. वरचा भाग होईपर्यंत तळ करपू शकतो, म्हणून तापमान १०-१५ अंश कमी ठेवा. मफिन सुरीने उचकटायची सवय असेल तर यावर पैसे घालू नका.

भिशीत सध्या सिलिकॉनचं कौतुक आहे. मफिन बोटाने ढकलला की बाहेर येतो, हे खरंच. पण उष्णता आत हळू पोचते, त्यामुळे बाजू फिकट आणि ओलसर राहतात. लवचीक साचा भरल्यावर उचलला की पीठ सांडतं, म्हणून भरण्याआधीच तो पत्र्याच्या ट्रेवर ठेवा. तुपाचा वासही त्यात मुरतो.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाट्या उशिरा तापतात, टेबलावर मात्र शोभतात.

अजून हात बसला नसेल तर आमटीच्या स्टीलच्या वाट्यांना तूप लावून, मैदा भुरभुरून त्यातच करा. रंग थोडा कमी-जास्त येईल, पण खर्च शून्य.

ट्रे घ्यायचाच ठरला तर ओव्हनची आतली रुंदी आणि खोली टेपने मोजून न्या. १६-२० लिटरच्या ओटीजीत बारा खळ्यांचा ट्रे सहसा मावत नाही, सहाचा बसतो. हवा खेळायला चारी बाजूंनी बोटभर जागा सोडा आणि ट्रेचे कानही मापात धरा.